शालेय कलाशिक्षण : हात, दृष्टी आणि कॅमेरा

शाळेत चित्रकला कशासाठी शिकवावयाची, या प्रश्नाची दोन उत्तरे दीर्घकाळ परस्परांविरुद्ध उभी आहेत. पहिल्या उत्तरानुसार चित्रकला हे हस्तकौशल्य होय. ते पायरीपायरीने शिकविता येते व त्याचे मापनही करता येते. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन ही विभागणी याच भूमिकेतून आलेली आहे. दुसऱ्या उत्तरानुसार चित्र हा बालमनाचा स्वाभाविक आविष्कार होय. व्हिएन्ना येथे १८९७ मध्ये बालकलावर्ग सुरू करणारे फ्रांत्स चिझेक, १९४३ मध्ये ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे हर्बर्ट रीड आणि सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये कलाशिक्षण देणारे देवी प्रसाद हे या दुसऱ्या परंपरेचे प्रमुख प्रवक्ते होत.

या दोन्ही उत्तरांची खरी कसोटी लागते ती सुमारे नऊ ते बारा या वयात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासावस्था वर्णिल्या. त्यांनुसार या वयात मूल आपले चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहू लागते आणि त्यातील उणिवांमुळे असमाधानी होते. अशा मुलाला केवळ स्वातंत्र्य देऊन भागत नाही, कारण त्याला आता स्वातंत्र्याहून सादृश्य हवे असते. केवळ तंत्र देऊनही भागत नाही, कारण हात तयार होईपर्यंत ‘मला चित्र येत नाही’ हा निर्णय त्याने करून टाकलेला असतो.

कॅमेऱ्याचे शैक्षणिक महत्त्व नेमके येथे आहे. कॅमेरा सादृश्य आयते देतो, हाच त्याच्यावरील मुख्य आक्षेप असतो. परंतु सादृश्याची चिंता मिटली म्हणजे चित्राचा प्रश्न मिटतो, असे मात्र नाही. उलट तो उघडा पडतो. कोठे उभे राहावयाचे, चौकटीत काय घ्यावयाचे, काय वगळावयाचे, कोणत्या क्षणी थांबावयाचे, हे सर्व निर्णय मुलालाच करावे लागतात. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात वेंडी इवॉल्ड यांनी शाळकरी मुलांच्या हाती कॅमेरे दिले आणि स्वतःची, कुटुंबाची व आपल्या स्वप्नांची छायाचित्रे काढण्यास सांगितले. त्यांतून सिद्ध झालेले ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ हे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. यांतील स्वप्नाचा विषय विशेष अर्थपूर्ण आहे. कॅमेऱ्याला समोर असलेलेच दिसते. स्वप्न समोर नसते. म्हणून मुलाला जागा शोधावी लागते, माणसे उभी करावी लागतात, प्रसंग रचावा लागतो. कॅमेरा म्हणजे यांत्रिक नक्कल, हा समज येथे आपोआप गळून पडतो.

तथापि या प्रयोगाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. छायाचित्रे मुलांची असली, तरी पुस्तकाचा संकल्प प्रौढ व्यक्तीचा आहे. चिझेक यांच्या वर्गातील चित्रांत आढळणाऱ्या शैलीच्या साम्याविषयी जी शंका घेतली गेली, तीच येथेही घेता येते : मुक्त म्हणविलेल्या आविष्कारात शिक्षकाची रुची किती? छायाचित्रणात ही शंका अधिकच तीव्र होते, कारण निवड हेच या कलेचे मर्म होय. निवडीचा अधिकार शिक्षकाने स्वतःकडे ठेवला, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ कळ दाबणे उरते.

म्हणून अभ्यासक्रमाचा विचार वयानुसार झाला पाहिजे. लहान मुलांस कॅमेऱ्यापूर्वी पुठ्ठ्याची रिकामी चौकट पुरेशी आहे. तीतून पाहताना जग कापले जाते, हे त्यांना कळते. मधल्या वयात रेखाटन व छायाचित्र एकाच विषयावर जोडीने करवावे. म्हणजे हाताने काय टिपले व भिंगाने काय टिपले, यांतील भेद स्पष्ट होतो. मोठ्या विद्यार्थ्यांनी आपल्या अनेक छायाचित्रांतून एक स्वतः निवडावे, त्या निवडीची कारणे लिहावीत, आणि ज्याचे चित्र घेतले त्याची संमती होती काय, याचेही उत्तर द्यावे. मोबाइल फोनमुळे चित्र काढणे आज जवळजवळ विनासायास झाले आहे. अशा काळात परीक्षकाने तयार चित्राला गुण द्यावेत यापेक्षा नाकारलेल्या चित्रांविषयी विद्यार्थ्याला प्रश्न विचारावा, हे अधिक न्याय्य ठरेल.