पाच ताऱ्यांपलीकडे : जपानी व्यावसायिक कुस्ती आणि श्रेष्ठतेचा निकष

कलाकृतींची श्रेणी लावावी की लावू नये, हा समीक्षेतील जुना वाद आहे. नॉर्थ्रॉप फ्राय ह्यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम' ह्या ग्रंथात श्रेणी लावण्याच्या व्यवहाराची तुलना शेअरबाजाराशी केली होती. तेथे कवींचे भाव चढतात आणि कोसळतात; समीक्षेच्या ज्ञानात मात्र त्याने भर पडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. साहित्याच्या अभ्यासकांनी हा आक्षेप निदान तत्त्वतः तरी स्वीकारला. परंतु लोकप्रिय प्रयोगकलांच्या क्षेत्रात श्रेणी लावणे हाच समीक्षेचा मुख्य व्यवहार होऊन बसला आहे. तेथे ह्या व्यवहाराची चिकित्सा व्हायला हवी, कारण त्याचे परिणाम केवळ अभिरुचीपुरते मर्यादित राहत नाहीत. ह्या दृष्टीने प्रस्तुत लेखात जपानी व्यावसायिक कुस्तीतील काही गाजलेल्या झुंजींचा विचार केला आहे.

प्रथम ह्या कलाप्रकाराविषयी. जपानमध्ये त्याला 'पुरोरेसु' म्हणतात. १९५४ साली रिकिदोझान ह्या मल्लाच्या झुंजी दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या आणि युद्धोत्तर जपानात त्याची लोकप्रियता झपाट्याने वाढली. १९७२ मध्ये रिकिदोझानच्या दोन शिष्यांनी आपापल्या संस्था काढल्या : अंतोनियो इनोकीने 'न्यू जपान' आणि जायंट बाबाने 'ऑल जपान'. ह्या झुंजींचा निकाल आधी ठरलेला असतो. मराठी वाचकाला येथे 'नुरा कुस्ती' हा शब्द आठवेल, आणि त्याबरोबर त्या शब्दाला चिकटलेली तुच्छताही. परंतु नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक होते. पुरोरेसुत प्रेक्षक, शोकांतिकेच्या प्रेक्षकाप्रमाणे, एका संकेताचा भागीदार असतो. निकाल ठरलेला आहे म्हणून त्याची उत्कंठा कमी होत नाही. तो कोणत्या मार्गाने येतो आणि त्याचा अर्थ काय, इकडे तिचे लक्ष वळते.

कुस्तीच्या ह्या स्वरूपाकडे साहित्यविचाराचे लक्ष वेधले ते रोलां बार्थ ह्यांनी. १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' ह्या संग्रहातील पहिलाच लेख कुस्तीवर आहे. मुष्टियुद्ध ही प्रेक्षकासमोर घडत जाणारी कथा असते. कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वतःपुरता पूर्ण आणि स्वच्छ वाचता येण्याजोगा असतो, काळाच्या ओघाला तेथे महत्त्व नसते, अशी त्यांची मांडणी आहे. पॅरिसमधील आखाड्यांपुरती ती यथार्थ असेलही. १९९० च्या दशकातील 'ऑल जपान'च्या झुंजींना ती लागू पडत नाही. तेथे एखाद्या तडाख्याचा अर्थ तीन वर्षांपूर्वीच्या तडाख्यावर अवलंबून असतो. क्षण पूर्ण नसतो. तो स्मृतीने पूर्ण करावा लागतो.

आता श्रेणीकडे येऊ. 'तोक्यो स्पोर्ट्स' ह्या दैनिकाने १९७४ पासून वर्षातील सर्वोत्कृष्ट झुंजीला पुरस्कार देण्याचा प्रघात पाडला. ही तुलना एकाच वर्षातील समकालीन प्रयोगांची असते. अमेरिकी पत्रकार डेव्ह मेल्ट्झर ह्यांनी 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' ह्या वार्तापत्रातून रूढ केलेली ताऱ्यांची पद्धत वेगळी आहे. तिच्यात कोणत्याही काळातील, कोणत्याही देशातील झुंज एकाच पट्टीवर मोजली जाते आणि पाच तारे ही परिपूर्णतेची खूण मानली जाते. ह्या पट्टीबरोबर आणखी एक गोष्ट घडली. १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानबाहेरच्या रसिकांपर्यंत ह्या झुंजी पोहोचल्या त्या हस्ते-परहस्ते फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींतून. ताऱ्यांनी कोणती कॅसेट मागवायची ते ठरवले, आणि कॅसेटींनी कोणती झुंज 'अभिजात' ठरायची ते. झुंज तिच्या मालिकेतून सुटी झाली, स्वायत्त संहिता बनली.

ह्या पट्टीवर दीर्घकाळ शिखरस्थानी मानली गेलेली झुंज म्हणजे ३ जून १९९४ रोजी तोक्योच्या निप्पॉन बुदोकान सभागृहात झालेली मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा ह्यांची झुंज. पस्तीस मिनिटांहून अधिक चाललेल्या ह्या प्रयोगाचे रूपसौंदर्य निर्विवाद आहे. मर्ढेकरांनी सांगितलेली लयीची तिन्ही तत्त्वे, संवाद, विरोध आणि समतोल, येथे दाखवून देता येतात. मिसावाच्या कोपराच्या तडाख्याला कावादाच्या लाथेचे उत्तर मिळते. दोघांची शस्त्रे भिन्न, पण वजन सारखे. प्रत्येक आवर्तनात एक घटक पुन्हा येतो आणि किंचित बदलून येतो. शेवटी मिसावा 'टायगर ड्रायव्हर ९१' हा डाव टाकतो. ह्या डावात प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही हात मागे अडकवलेले असल्याने तो स्वतःला सावरू शकत नाही, मानेवर पडतो. मिसावा तो क्वचितच वापरी. त्या दुर्मिळतेमुळेच कावादाला हरवायला नेहमीची भाषा पुरली नाही, हे त्या एका डावातून कळते.

परंतु ह्या अर्थाचा केवढा भाग त्या पस्तीस मिनिटांत सामावलेला आहे? मिसावा आणि कावादा एकाच शाळेच्या कुस्तीसंघातले. कावादा एका वर्षाने मागे. पुढे तो मिसावाचा जोडीदार झाला आणि १९९३ मध्ये त्याच्यापासून फुटून प्रतिस्पर्धी बनला. कायम एक पाऊल मागे असणे हे त्याच्या व्यक्तिरेखेचे सूत्र आहे. १ मे १९९८ रोजी तोक्यो डोममध्ये त्याने अखेर मिसावाला एकेरीत हरवून किताब मिळवला. नवी कृती आधीच्या कृतींची व्यवस्थाच बदलते, हे एलियटचे सूत्र येथे अक्षरशः लागू पडते : १९९८ नंतर १९९४ ची झुंज अंतिम पराभवाची राहत नाही, विलंबित विजयाची पूर्वपीठिका होते. ताऱ्यांची संख्या मात्र प्रयोगानंतर लगेच ठरते आणि तशीच गोठते.

ह्याच मालिकेचा आरंभ पाहू. १९९० च्या वसंतात गेनिचिरो तेन्र्यू 'ऑल जपान' सोडून गेला आणि संस्थेत मोठी पोकळी निर्माण झाली. १४ मे रोजी मिसावाने 'टायगर मास्क' ह्या भूमिकेचा मुखवटा भर झुंजीत उतरवला. ८ जून रोजी बुदोकानमध्ये त्याने संस्थेचा अग्रणी मल्ल जम्बो त्सुरुता ह्याला हरवले. बॅकड्रॉप, म्हणजे पाठीमागून कमरेला मिठी घालून प्रतिस्पर्ध्याला मागे आपटणे, हा त्सुरुताचा ठेवणीतला डाव. मिसावाने तो उलटवला आणि त्सुरुताचे खांदे टेकवले. येथे मानेवर आपटणे नाही, रक्त नाही. अगदी साध्या चिन्हाने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सत्ता गेली. काव्यात ज्याला आपण अल्पाक्षरत्व म्हणतो, तो गुण ह्या शेवटात आहे.

मग पुढे हे अल्पाक्षरत्व का टिकले नाही? त्याचे कारण मल्लांच्या अतिरेकी वृत्तीत शोधणे अन्यायाचे होईल. ते चिन्हव्यवस्थेतच आहे. १९९० मध्ये साधे चिन्ह पुरले, कारण त्सुरुताच्या दीर्घ वर्चस्वाचे तारण त्याच्यामागे होते. ते एकदा वटवले की संपले. त्यानंतरच्या प्रत्येक निर्णायक क्षणाला त्याहून मोठे चिन्ह लागणार. कालचा अंतिम डाव आज मधला डाव होतो, उद्या आरंभीचा. ह्याला चिन्हांची चलनवाढ म्हणता येईल. आणि नेमकी हीच प्रक्रिया ताऱ्यांच्या बाबतीतही घडली. ४ जानेवारी २०१७ रोजी तोक्यो डोममधील कझुचिका ओकादा आणि केनी ओमेगा ह्यांच्या झुंजीला मेल्ट्झर ह्यांनी पाचांपैकी सहा तारे दिले. ९ जून २०१८ रोजी ओसाका-जो हॉलमध्ये झालेल्या ह्याच दोघांच्या चौथ्या झुंजीला सात. त्या झुंजी सामान्य होत्या असे मुळीच नाही. पण पाचाच्या पट्टीवर सात मोजले जातात तेव्हा पट्टीने आपण पट्टी असल्याचा दावा सोडलेला असतो. मापन संपून उद्गार सुरू होतो.

ह्या चलनवाढीला पर्याय होता का? माझ्या मते तो ९ जून १९९५ च्या बुदोकानमधील जोड्यांच्या झुंजीत दिसतो. मिसावा आणि केन्ता कोबाशी विरुद्ध कावादा आणि अकिरा ताउए. बेचाळीस मिनिटांच्या ह्या प्रयोगात धोकादायक क्षण आहेतच. ताउए मिसावाला गळ्यात पंजा घालून उचलतो आणि रिंगच्या कडेवरून खाली आपटतो. तरीही तिचा अर्थ वाढत्या धोक्यातून निघत नाही. कोबाशीचा पाय दुखावलेला आहे आणि प्रतिस्पर्धी त्याच पायावर घाव घालत राहतात. त्यामुळे एरवी किरकोळ वाटणारी लाथ येथे पुन्हा मौल्यवान होते. चिन्ह मोठे करण्याऐवजी ज्याच्यावर ते उमटते ते शरीर दुर्बल केल्याने जुन्याच शब्दांना नवा भार मिळतो. शेवटी उभे राहण्याचीही ताकद नसलेला कोबाशी मिसावाच्या अंगावर स्वतःला झोकून देतो. हा कुस्तीतील डाव नाही. तो प्रतिकाराचा शेवटचा, हताश आणि अत्यंत मानवी प्रकार आहे. नंतर कावादा आपल्या नेहमीच्या पॉवरबॉम्बने मिसावाला पहिल्यांदा चीत करतो. श्रेणी लावायचीच असेल तर मी ही झुंज पहिली, १९९० ची दुसरी आणि १९९४ ची तिसरी लावेन. रूपाच्या घोटीवपणात १९९४ ची सरस आहे, हे मान्य करूनही.

ताऱ्यांच्या पट्टीला न ऐकू येणारी आणखी एक गोष्ट आहे : प्रेक्षागृह. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाका-जो हॉलमध्ये चिगुसा नागायो आणि डम्प मात्सुमोतो ह्या स्त्री-मल्लांची, हरणारीने केस गमावण्याच्या पैजेची झुंज झाली. नागायो हरली आणि भर रिंगमध्ये तिचे मुंडन करण्यात आले. प्रेक्षक होत्या प्रामुख्याने शाळकरी मुली; त्यांचा आक्रोश हा त्या प्रयोगाचा अर्धा आशय आहे. डावांची सफाई मोजणारा दूरचा परीक्षक त्याला पार्श्वध्वनी समजेल. ज्या मुलींना नागायोच्या रूपाने आपल्या वयाची, आपल्या बाजूने लढणारी नायिका प्रथमच मिळाली होती, त्यांच्यासाठी ते मुंडन स्वतःच्या अपमानासारखे होते. ही झुंज १९९४ च्या झुंजीहून 'कमी' की 'अधिक', हा प्रश्नच येथे निरर्थक ठरतो, कारण दोन्हींनी आपापल्या प्रेक्षकाशी केलेले करार भिन्न आहेत.

आता मूळ मुद्दा. कवितेची चलनवाढ झाली तर भाषेची हानी होते. येथे चिन्ह ज्या द्रव्याचे घडते ते द्रव्य मल्लाची मान आणि गुडघे असते. मिसावाने २००० साली 'नोआ' ही स्वतःची संस्था काढली. १ मार्च २००३ रोजी कोबाशीकडून पराभूत होताना त्याने कोबाशीला प्रवेशाच्या मार्गिकेवरून खाली जमिनीवर मागच्या मागे फेकले. त्या झुंजीचीही गणना अभिजात झुंजींत होते. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे एका झुंजीत बॅकड्रॉप बसल्यावर मिसावा उठला नाही. मानेतील मज्जारज्जूला इजा होऊन त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. तो शेवटचा डाव विशेष भयंकर नव्हता. त्याने तसे अनेक सोसले होते. १९९० मध्ये जो डाव उलटवून तो मोठा झाला होता, त्याच प्रकारचा तो होता.

ह्या मृत्यूचे उत्तरदायित्व ताऱ्यांवर टाकणे बेजबाबदारपणाचे ठरेल. संस्थांचे अर्थकारण, वर्षभराचे दौरे, मल्लांचा स्वाभिमान आणि प्रेक्षकांची भूक अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. पण समीक्षक ह्या साखळीबाहेर उभा आहे, असेही म्हणता येणार नाही. जी समीक्षा तीव्रतेलाच श्रेष्ठता मानते ती तीव्रतेची मागणी नोंदवत असते. म्हणून तुलना सोडून देणे हा उपाय नाही. ८ जून १९९० आणि ३ जून १९९४ ह्यांची शेजारी शेजारी मांडणी केल्याशिवाय चिन्हांची चलनवाढ मला दिसलीच नसती. ९ जून १९९५ शी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही. तुलना ज्ञान देते. आकडा त्या ज्ञानाची पावती देऊन पुढचा प्रश्न बंद करतो.

फ्राय ह्यांच्या शेअरबाजारात कोसळतात ते केवळ भाव. पुरोरेसुचा समीक्षक श्रेणी लावतो तेव्हा त्याने एवढे तरी ध्यानात ठेवले पाहिजे की तो ज्याचे मोल ठरवतो आहे ते शरीर दुसऱ्याचे आहे, आणि ते एकदाच मिळते. थोड्या चिन्हांत अधिक अर्थ सामावणारी झुंज श्रेष्ठ मानायची की अधिक चिन्हांत थोडा अधिक अर्थ मिळवणारी, हा निकष केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही, तो येथूनच नैतिक होऊ लागतो.