लेव्हिन्स्कीची कोरडी इंग्रजी

पोट भरण्यासाठी अमेरिकेत गेलेल्या परक्या माणसांवरच्या दोन कादंबऱ्या मी एका सुटीत लागोपाठ वाचल्या. एक अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' (१९०६), दुसरी अब्राहम काहानची 'द राइज ऑफ डेव्हिड लेव्हिन्स्की' (१९१७). पहिलीची कीर्ती जगभर आहे. माझ्या मनात मात्र दुसरीच घर करून राहिली.

सिंक्लेअर १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला आणि त्या अनुभवावर त्याने एका लिथुआनियन कुटुंबाची कथा रचली. आरंभीचा लग्नसोहळा मला अजून दिसतो. वाजंत्री चालू आहे, खाणेपिणे चालू आहे आणि तरुण पाहुणे आहेराचे पैसे न देताच सटकताहेत. गावचा रिवाज परदेशात कसा मोडतो, हे त्या एका प्रसंगात कळते. पुढे मात्र युर्गिस रुडकुसवर इतकी संकटे कोसळतात की तो माणूस न राहता संकटे टांगायची खुंटी होतो. शेवटी तर लेखक त्याला सभेत बसवून व्याख्यानेच ऐकवतो. पुस्तक गाजले ते मांसामुळे. १९०६ च्या जूनमध्ये मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. वाचकाला चिंता लागली ती आपल्या ताटाची, युर्गिसची नव्हे. सिंक्लेअरलाही ह्याचा विषाद होता. पण दोष एकट्या वाचकाचा कसा म्हणावा? लेखकाने युर्गिसला दुःख दिले, बोली दिली नाही.

काहान स्वतःच त्या वाटेने आलेला. १८६० साली लिथुआनियात जन्मलेला हा ज्यू तरुण १८८२ मध्ये अमेरिकेत आला. रात्रीच्या वर्गात त्याने आपल्यासारख्याच नवागतांना इंग्रजी शिकवले. पुढे 'फॉरवर्ट्स' ह्या यिडिश दैनिकाचा तो संपादक झाला. टाकून गेलेला नवरा, हाताबाहेर गेलेली मुले, अशी वाचकांची गाऱ्हाणी आणि त्यांना सल्ला १९०६ पासून त्या पत्रात छापून येत. रोज यिडिशमध्ये हजारोंशी बोलणाऱ्या ह्या माणसाने आपली सर्वांत मोठी कादंबरी मात्र इंग्रजीत लिहिली!

तिचा नायक १८८५ साली खिशात चार सेंट घेऊन उतरतो. तालमूद घोकलेला पोरका मुलगा. त्याच्या आईला जमावाने ठार केलेले. एक भला गृहस्थ त्याला न्हाव्याकडे नेतो आणि कानांपुढच्या बटा जातात. मग रात्रशाळा. बोलताना हातवारे करण्याची जुनी सवय त्याला शारीरिक व्यंगासारखी छळते. कॉलेजात जायचे म्हणून तो शिवणकाम करून पैसे साठवतो. पण एके दिवशी दुधाची बाटली हातून निसटते, दूध रेशमी कोटांवर सांडते, मालक अपमान करतो आणि ह्याच्या डोक्यात स्वतःचा धंदा काढण्याचे खूळ शिरते. कॉलेज राहते ते राहतेच. वीस लाख डॉलरांहून अधिक मिळवल्यावरही आतून आपण तो जुना, पोथीपुढे डुलणारा मुलगाच आहोत, असे तो म्हणतो.

मीही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. त्यामुळे ही हळहळ वाचताना डोळे पाणावले, आणि लगेच संशयही आला. न गेलेल्या कॉलेजाबद्दल हळहळण्यात एक सुख असते. ते मला चांगले ठाऊक आहे. लेव्हिन्स्की आपली हळहळ दागिन्यासारखी बाळगतो, आणि त्याच वेळी आपल्या गावच्या माणसांना गोळा करून, मजूरसंघाला चुकवून, कमी मजुरीत राबवतो. काहान त्याला त्याबद्दल एका शब्दाने टोकत नाही. त्यालाच सगळे बोलू देतो.

आणि तो बोलतो कसा? आईचा मृत्यू आणि कोटांचे भाव, दोन्ही एकाच आवाजात. पहिल्या वाचनात मला वाटले, इथे लेखक कमी पडला. दुसऱ्या वाचनात उमगले की, धंद्याच्या हकिगतीत वाक्य झपझप चालते आणि आईपाशी आले की अडखळते. धंदा तो इंग्रजीतच शिकला. आई यिडिशमध्ये जगली आणि तिथेच राहिली. इंग्रजीत सांगताना ती जणू भाषांतरित होऊन येते. हा कोरडेपणा मला आता दोष वाटत नाही. काहानने तो हेतुपुरस्सर साधला की नाही, हा वाद मी घालणार नाही. पण युर्गिसच्या साऱ्या आकांतापेक्षा मला तो अधिक बोचला.

एरवी पुस्तक लांबलेले आहे. उत्तरार्धातल्या प्रेमप्रकरणांतली निम्मी गाळली असती तरी चालले असते. डोराला मात्र कुणी हात लावू नये. लेव्हिन्स्की ज्या घरी भाड्याने राहतो तिथली ही गृहिणी. मुलगी ल्युसी शाळेतून आली की ही तिच्याच धड्यांवरून इंग्रजी वाचायला शिकते. मुलगी पुढे जाते, आईला तिचा अभिमान वाटतो आणि हेवाही वाटतो. पुढे लेव्हिन्स्की तिच्यावर जीव टाकतो. तीही टाकते, पण मुलांसाठी त्याला घराबाहेर काढते. पोटच्या पोरीशी एका वाचनपुस्तकावरून हमरीतुमरीवर येणारी ही बाई मी दुसऱ्या कुठल्याच कादंबरीत पाहिलेली नाही.