समस्येच्या कथनापासून आज्ञावलीपर्यंत : दोन पाठ्यग्रंथांची तौलनिक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात एक अनुभव बहुतेक अध्यापकांना येतो. विद्यार्थ्याला लूप म्हणजे काय, अ‍ॅरे कशाला म्हणतात, अट कशी लिहावी हे विचारले तर तो बरोबर उत्तर देतो. पाठ्यपुस्तकातील आज्ञावली तो न चुकता उतरवून काढतो. मात्र चार ओळींचे एखादे नवे उदाहरण समोर ठेवले की त्याची लेखणी थांबते. भाषेचे व्याकरण येते, पण त्या भाषेत काय म्हणावयाचे हे सुचत नाही. या अडचणीला बहुधा 'तर्कशक्तीचा अभाव' असे नाव देऊन विषय संपविला जातो. परंतु कथन वाचणे, त्यातून समस्या वेगळी काढणे आणि तिला आज्ञावलीचे रूप देणे हे शिकविण्याजोगे कौशल्य आहे काय, असल्यास ते पाठ्यग्रंथ शिकवितात काय, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने दोन ग्रंथांची चिकित्सा केली आहे : आर. जी. ड्रोमी यांचा 'हाऊ टू सॉल्व्ह इट बाय कॉम्प्युटर' (१९८२) आणि फेलायसेन, फिंडलर, फ्लॅट व कृष्णमूर्ती यांचा 'हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स' (पहिली आवृत्ती २००१, दुसरी २०१८).

अडचणीचे स्वरूप

ही अडचण एका देशाची किंवा एका माध्यमाची नाही. मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने २००१ मध्ये चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. प्रश्न साध्या गणनयंत्राची आज्ञावली लिहिण्याचे होते. ११० गुणांपैकी सरासरी २२.८९ गुण मिळाले. या गटाने समस्या सोडविण्याचे पाच टप्पे मानले होते : कथनातून समस्येचे सार काढणे, तिचे उपसमस्यांत विभाजन करणे, प्रत्येक उपसमस्येचे उत्तर शोधणे, उत्तरांची जुळणी करणे आणि अखेरीस पडताळा घेऊन सुधारणा करणे. विद्यार्थ्यांना सर्वांत जड गेला तो पहिला टप्पा, हे या गटाचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. २००४ मध्ये रेमंड लिस्टर व सहकाऱ्यांनी सात देशांत केलेल्या अभ्यासाने त्याला पूरक बाजू दाखविली : अनेक विद्यार्थ्यांना दिलेली छोटी आज्ञावली वाचून तिचे फलित सांगणेही कठीण जाते. म्हणजे कथनाचे वाचन आणि आज्ञावलीचे वाचन अशी दोन्ही वाचने कच्ची असताना त्यांच्यामधील पूल बांधण्याची अपेक्षा केली जाते.

येल विद्यापीठातील एलियट सोलोवे यांच्या संशोधनातून पुढे आलेले आणि 'पर्जन्य समस्या' म्हणून ओळखले जाणारे उदाहरण येथे उपयोगी आहे. आकडे एकामागून एक वाचावेत, ९९९९९ हा आकडा आला की थांबावे आणि सरासरी सांगावी, एवढेच तिचे मूळ स्वरूप. शालेय गणितात हे शाब्दिक उदाहरण कोणीही सोडवील. आज्ञावली लिहिताना मात्र किमान चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिली घसरण क्रमाची. कथनात वाचणे आधी, बेरीज नंतर, सरासरी शेवटी येते. आज्ञावलीत बेरीज व संख्या यांना शून्य किंमत देण्याचे काम सर्वांत आधी येते, आणि कथनात त्याचा उच्चारही नसतो. शिवाय लूपची अट सुरुवातीलाच तपासली जात असेल तर पहिला आकडा लूपच्या बाहेर आणि पुढचे आकडे लूपच्या शेवटी वाचावे लागतात. माणसाची स्वाभाविक रीत 'वाच आणि वापर' अशी असते. तिच्याऐवजी 'वापर आणि मग पुढचा वाच' अशी उलटी मांडणी स्वीकारावी लागते. सोलोवे, बोनार व एर्लिक यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची सोय असलेली भाषा दिल्यास यशाचे प्रमाण वाढते. चूक केवळ विद्यार्थ्याची नव्हती, साधनाचीही होती.

दुसरी घसरण भाषेची आहे, आणि मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भात ती विशेष लक्ष देण्याजोगी आहे. 'पर्यंत' या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ संदर्भाने बदलतो. '१ पासून १० पर्यंत' म्हणताना १० हा आकडा धरला जातो, '९९९९९ येईपर्यंत' म्हणताना तो आकडा वगळणे अभिप्रेत असते. हा भेद ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याची आज्ञावली १२, ०, २४ व ९९९९९ या आकड्यांची सरासरी २५,००८.७५ अशी देते. वाक्यरचना निर्दोष आहे, कंपायलरची तक्रार नाही, उत्तर मात्र हास्यास्पद आहे.

तिसरी घसरण कथनातील मौनाची. एकही आकडा न येता प्रथमच ९९९९९ आला तर काय करावे, हे कथन सांगत नाही. शून्य पावसाचे दिवस सरासरीत धरावयाचे काय, हेही सांगत नाही. ते धरल्यास वरील तीन दिवसांची सरासरी १२ येते, वगळल्यास १८ येते. भारतीय हवामानशास्त्र विभाग २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस 'पावसाळी दिवस' मानतो. तो निकष अभिप्रेत असल्यास आज्ञावली आणखी वेगळी होईल. चौथी घसरण साधनाच्या अंतर्गत नियमांची : सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास अपूर्णांक गळून पडतो, त्यामुळे १ आणि २ यांची सरासरी १.५ ऐवजी १ येते.

या चार घसरणींपैकी केवळ शेवटची भाषेच्या व्याकरणाशी संबंधित आहे. वर्गातील बहुतांश वेळ मात्र तिच्यावरच खर्च होतो.

ड्रोमी : विकसनाचे दर्शन

ड्रोमी यांच्या ग्रंथाचे नाव जॉर्ज पोल्या यांच्या १९४५ च्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या गणितविषयक पुस्तकाचे स्मरण करून देते, आणि ते सहेतुक आहे. समस्या समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे ही पोल्याची चतुःसूत्री ड्रोमी यांनी संगणकाच्या क्षेत्रात आणली. पहिल्या प्रकरणात ते विशिष्ट उदाहरणाचा आधार घेणे, सदृश समस्या आठवणे, उत्तराकडून मागे येणे अशा युक्त्यांची चर्चा करतात. लूप रचताना आरंभीची स्थिती, पुनरावृत्त होणारी क्रिया आणि समाप्तीची अट यांचा स्वतंत्र विचार करावा, ही त्यांची शिकवण वरील पहिल्या घसरणीवर नेमका उपाय सांगते.

ग्रंथाचे खरे बळ त्याच्या मांडणीत आहे. दोन व्हेरिएबलच्या किमतींची अदलाबदल यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणापासून प्रारंभ करून प्रत्येक ठिकाणी आधी समस्या, मग रीतीचे विकसन, नंतर तिचे वर्णन आणि शेवटी पास्कलमधील आज्ञावली असा क्रम ते पाळतात. तयार उत्तर दाखविण्याऐवजी उत्तर घडताना दाखविणे हा त्यामागील हेतू. भारतातील अनेक विद्यापीठांनी हे पुस्तक अभ्यासक्रमात नेमले, ते या गुणामुळेच.

तथापि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ग्रंथाची मर्यादाही तेथेच आहे. ड्रोमी यांच्या समस्या आधीच शुद्ध केलेल्या असतात. क्रमगुणित काढा, अंक उलटे करा, दोन क्रमित अ‍ॅरे एकत्र करा : अशा कथनांत मौन नसते, द्व्यर्थ नसतो. व्यवहारातील कथन गढूळ असते आणि ते निवळून घेणे हेच नवशिक्याचे पहिले काम असते. विकसनाचा भार लेखक स्वतः वाहतो आणि वाचक प्रेक्षक राहतो. कुशल गवयाची मैफल ऐकून कान तयार होतो, गळा तयार होण्यास रियाजच लागतो. तो रियाज कोणत्या क्रमाने करावा, याचे उत्तर येथे पुरेसे मिळत नाही.

'हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स' : रियाजाचा क्रम

दुसरा ग्रंथ हीच उणीव भरून काढण्याच्या प्रतिज्ञेने उभा आहे. त्यातील 'डिझाइन रेसिपी' सहा पायऱ्यांची आहे : माहितीचे स्वरूप ठरवून तिची व्याख्या करणे, फंक्शन काय घेते व काय देते हे एका ओळीत उद्देशासह लिहिणे, उदाहरणे मांडणे, माहितीच्या रचनेवरून फंक्शनचा साचा काढणे, साचा भरणे आणि आधीच्या उदाहरणांनी तपासणे. उदाहरणे आज्ञावलीच्या आधी येतात, ही या क्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. '१२, ०, २४ दिल्यास किती?' असा प्रश्न स्वतःला विचारताच शून्याच्या दिवसांचे मौन आपोआप उघडे पडते.

माहितीच्या व्याख्येचा लाभही तितकाच ठोस आहे. आकड्यांची यादी एक तर रिक्त असते, नाही तर एक आकडा आणि उरलेली यादी मिळून बनते, अशी व्याख्या केली की साच्यात दोन शाखा अपरिहार्यपणे येतात. रिक्त यादीच्या शाखेत काहीतरी लिहावेच लागते, आणि कथनाने न विचारलेला प्रश्न अशा रीतीने विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. विद्यार्थी अडला तर अध्यापकाला नेमके विचारता येते : कोणत्या पायरीवर? 'तर्कशक्ती नाही' या निदानापेक्षा हे निदान अधिक न्याय्य आहे, कारण त्यावर उपचार संभवतो.

परंतु या पद्धतीचे मूल्यमापनही डोळसपणे व्हावयास हवे. पर्जन्य समस्येत साचा अर्ध्या वाटेवर साथ सोडतो. उरलेल्या यादीची सरासरी माहीत असली तरी तेवढ्यावरून संपूर्ण यादीची सरासरी निघत नाही. बेरीज आणि संख्या अशी दोन वेगळी फंक्शने करून ती जोडावी लागतात, आणि हे विभाजन साचा सुचवीत नाही. कॅथी फिसलर यांनी २०१४ मध्ये अशा पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना ही समस्या दिली तेव्हा पूर्वीच्या अभ्यासांच्या तुलनेत चुका बऱ्याच कमी आढळल्या. मात्र तेथे आकडे कळफलकावरून एकेक येत नव्हते, ते यादीच्या रूपात हाती होते. वाचन आणि गणना यांची गुंतवळ आधीच सुटलेली होती. म्हणून श्रेय पद्धतीचे किती आणि बदललेल्या मांडणीचे किती, हे वेगळे करणे अवघड आहे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. ग्रंथाची भाषा पहिल्या आवृत्तीत स्कीम, दुसरीत रॅकेटच्या अध्यापनभाषा. सी किंवा पायथन नेमलेल्या महाविद्यालयात तो जसाच्या तसा चालणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : कोणताही क्रम कर्मकांड होऊ शकतो. आपल्याकडील प्रयोगवही याची साक्ष देते. उद्दिष्ट, रीती, प्रवाहआलेख, आज्ञावली, फलित असा तिचा क्रम निर्दोष आहे. प्रत्यक्षात आज्ञावली आधी उतरविली जाते आणि रीती व प्रवाहआलेख तिच्यावरून मागाहून रचले जातात. विचाराचे साधन विचाराचा पुरावा म्हणून मागितले गेले की त्याचे एवढेच होते.

आजचा संदर्भ

या चर्चेला आता नवी निकड आली आहे. २०२२ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रथम वर्षाच्या परीक्षेचे प्रश्न कोडेक्स या कोडलेखक प्रणालीला दिले असता ७१ विद्यार्थ्यांच्या तुलनेत तिचा क्रमांक १७ वा आला. त्यानंतरच्या प्रणाली अधिक समर्थ आहेत. स्वच्छ कथनावरून आज्ञावली लिहिणे हे काम यंत्र करू लागले असताना, पाठ केलेली आज्ञावली प्रात्यक्षिक परीक्षेत उतरविण्याला काय मोल उरते, हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु शून्य पावसाचा दिवस धरावयाचा की नाही, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते गृहीत धरते, आणि बहुधा न सांगता. ते गृहीत ओळखण्याची दृष्टी ज्याच्याकडे नाही, त्याला यंत्राचे उत्तर तपासताही येणार नाही.

दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न दुहेरी आहे. त्याला कथन इंग्रजीत मिळते. ते न समजल्यास तो ओळखीच्या शब्दावरून पाठ असलेली जवळची आज्ञावली लिहून मोकळा होतो. त्याला आधी मराठीत कथन पुन्हा मांडू देणे आणि चार उदाहरणांचा तक्ता करावयास लावणे यास संगणकही लागत नाही, कागद पुरतो.

समारोप

ड्रोमी उत्तर कसे घडते ते दाखवितात, दुसरा ग्रंथ ते घडविण्यासाठी पायऱ्या देतो. पहिल्यात रियाजाचा क्रम अपुरा आहे, दुसऱ्यात क्रमाचे कर्मकांड होण्याचा धोका आहे. दोहोंतून घ्यावयाची गोष्ट एकच : आज्ञावलीच्या आधी उदाहरणे. प्रात्यक्षिक परीक्षेत कळफलकाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने इनपुट व अपेक्षित फलित यांचा तक्ता आणि कथनात न सांगितलेल्या गोष्टींची यादी लिहून द्यावी, आणि तिला स्वतंत्र गुण असावेत. तक्ता आधी घेतला गेला तरच त्याला अर्थ राहील, कारण मागाहून तो आज्ञावलीच्या फलितावरूनच भरला जाईल. अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता हा बदल अंतर्गत मूल्यमापनात करता येण्याजोगा आहे. तो झाल्यास चार ओळींचे नवे उदाहरण पाहून थांबलेल्या विद्यार्थ्याला निदान पहिली ओळ काय लिहावी हे ठाऊक असेल.