एकाच बाजूचा ताळेबंद

कवितेवर टीका झाली, नाटकावर झाली. पण घोड्या विकण्याच्या जाहिरातींवर कुणी लेखणी उचलल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. ही सेवा माझ्या नशिबी आली ती मामांमुळे. लोहा तालुक्यातल्या मळ्यावर त्यांच्या तीन घोड्या. शिंगरे विकायची तर आता मोबाइलवर जाहिरात टाकावी लागते, आणि भाचा बँकेत कारकून, म्हणजे लिहिण्यात तरबेज, हा त्यांचा समज. तयारी म्हणून मी शंभरेक जाहिराती वाचून काढल्या.

या वाङ्मयाची नायिका एकच. 'मारवाड घोडी, पंचकल्याण, देवमण, उंची 62 इंच, एकदम शांत. शौकिनांनीच फोन करावा.' चारी पाय आणि कपाळ पांढरे ते पंचकल्याण. गळ्यावरचा शुभ भोवरा तो देवमण. शब्द देखणे आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रियापदांविषयी. घोडी चालते कशी, बुजते कशाला, चावते का, काही पत्ता नाही. फोटो काढणारा जमिनीवर बसतो, त्यामुळे उंची फुकटात वाढते. वय पाचाच्या पुढे कुणाचेच जात नाही. पाचव्या वर्षी घोड्याचे दात पुरे होतात, पुढचे वय दातांच्या झिजेवरून ओळखायचे. पण फोटोतल्या सगळ्या घोड्या तोंड मिटून उभ्या! फेसबुकच्या बाजारात जनावरे विकायला मनाई, म्हणून कुणी 'विकायची नाही, फक्त दाखवायची' असे लिहून खाली फोन नंबर देतो. वाणिज्य पदवीधराचा आक्षेप एवढाच, की या ताळेबंदाला जमेची बाजू तेवढी आहे, नावेची कोरी.

नांदेडहून लातूरला जाताना वाटेत खंडोबाचे माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीपासून तिथे यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, सगळे येतात. तिथले हेडे हरिश्चंद्राचे वंशज आहेत असे मुळीच नाही. पण घेणारा जबडा उघडून बघतो, खूर उचलतो, घोडी पळवून आणतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरतो. हेड्याचे ऐकायचे आणि घोडीला तपासायचे, असा रिवाज. जाहिरातीने थाप तेवढी ठेवली आणि घोडी काढून घेतली.

यंदा पावसात कडब्याची गंजी कुजली आणि मामांना थोरली घोडी काढणे भाग पडले. तिच्या डाव्या डोळ्याखाली आसूढाळ आहे. हा भोवरा घरात रडणे आणतो म्हणतात. मी हुशारीने उजवीकडून फोटो काढला, चार देखणी विशेषणे लावली. संध्याकाळपर्यंत फोनवर फोन.

मामांनी फोटो पाहिला. "डावा डोळा कुठाय रं?"

"मामा, तो फोटोत येत नाही."

"घेनाऱ्याच्या घरी गेल्यावर येईल की! त्येनं हिला दारात उभी करून शिव्या द्याव्या व्हय? जनावर हाय, मार खाईल बिचारं. काढ ते."

मग मामांनी सांगितले तसे लिहिले. 'घोडी नऊ वर्षांची. तीनदा व्याली. डाव्या डोळ्याखाली आसूढाळ आहे. ट्रकला बुजते. परक्याला पहिल्या दिवशी जवळ येऊ देत नाही. चाल चांगली. येऊन बघा.' फोन बंद झाले. चौथ्या दिवशी लातूरकडचा एक जण बोलला, "ट्रकला बुजती म्हंजे काय करती वो?" मामा अर्धा तास बोलत होते.

टीकाकार म्हणून सांगतो, 'ट्रकला बुजते' हे या साहित्यप्रकारातले माझ्या वाचनातले पहिले चांगले वाक्य. त्यात घोडी दिसते.

रविवारी तो गृहस्थ आला. आधी डावीकडे गेला, वाकून भोवरा पाहिला. "लिवलंय तसंच हाय की," म्हणाला, आणि मग जबड्याला हात घातला. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

आकडा काय ठरला ते दोघांनीही सांगितले नाही. वीस वर्षे आकडेमोड करणाऱ्या माणसाला मामांनी सांगितले, "तू तिला गूळ चार तवर."