दोन केळ्यांची खबर

पहिल्या चिठ्ठीत साजन फर्नांडिस इलाला एवढंच कळवतो, की आज जेवण खारट झालं होतं. तिनं रिकाम्या डब्याबद्दल आभार मानलेले, वर पनीर करून पाठवलेलं. ह्या गृहस्थाला ना धन्यवाद सुचतात, ना ‘आपण कोण’ असं विचारावंसं वाटतं. ते वाचून वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू चिडतात आणि भाजीत मिरची सढळ पडते. त्यावर साजनचं उत्तर असं, की आज तिखट होतं, जेवणावर दोन केळी खाल्ली, त्यानं आग विझली आणि पोटालाही बरं पडेल.

रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) बहुतेकांना प्रेमकथा म्हणून आठवतो. मला त्यातली ही केळी मोलाची वाटतात. पोट साफ होण्याची बातमी कुणी प्रेयसीला लिहीत नाही. ती लिहावी जुन्या मित्राला, ज्याची गाठ कित्येक वर्षांत पडली नाही आणि ज्याच्यापुढे अब्रू सांभाळायची गरज नाही. साजन विधुर आहे. विमा दाव्यांच्या खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्तीला टेकलेला, गल्लीतल्या पोरांवर खेकसणारा. असा मित्र त्याला उरलेलाच नाही. इलानं नवऱ्यासाठी पाठवलेला डबा डबेवाल्यांच्या एका चुकीनं साजनकडे येतो आणि तसा मित्र त्याला मिळतो, आणि मग साठलेली खुशाली तो हप्त्याहप्त्यानं कळवू लागतो.

कडोदऱ्यात राहणाऱ्याला ही तऱ्हा ओळखीची वाटते. सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो तो इथला चार रस्ता, भोवती कापडाच्या मिला, आणि त्यांत भुसावळ-सुरत गाडीनं आलेली खानदेशी माणसं. मोबाइलच्या आधी ह्या माणसांची पोस्टकार्डं गावी जात. वर ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’, मग इकडील सर्व क्षेम, खाली ‘कळावे, लोभ असावा’. मधल्या जागेत दाढदुखी, पाऊस, म्हशीचं दूध. मन मोकळं करायचं झालं तरी ते दाढदुखीच्या आडूनच व्हायचं. साजनच्या चिठ्ठ्यांना मायना नीटसा नाही, पण मधली जागा तीच आहे.

त्याचं सगळ्यात सुंदर पत्र टीव्हीबद्दल आहे. बायकोनं दूरदर्शनवरच्या ‘ये जो है जिंदगी’च्या टेप करून ठेवलेल्या. एका रात्री तो त्या काढून बघत बसतो. काय शोधतोय ते त्याचं त्यालाच कळत नाही. मग उमगतं. रविवारी ती आत मालिका बघायची आणि तो बाहेर सायकल दुरुस्त करत किंवा सिगारेट ओढत असायचा. मधूनच खिडकीतून आत नजर टाकली, की टीव्हीच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसायचं, त्याच त्या विनोदांना पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसणारं. म्हणजे तो शोधत होता ते टेपमध्ये नव्हतंच, काचेवर होतं. बत्रांचा संयम इथं दाद देण्यासारखा आहे. बायकोचा चेहरा ते दाखवत नाहीत, भूतकाळात कॅमेरा नेत नाहीत. आपल्यापुढे फक्त साजन झालेला इरफान खान, टीव्हीचा उजेड आणि त्याचा कोरडा, किंचित घोगरा आवाज. ‘फार आठवण येते’ असं पत्रात कुठंही नाही. आहे ती सायकल.

इला हिंदीत लिहिते, साजन इंग्रजीत. वांद्र्याच्या ख्रिस्ती कारकुनाची ही हापिसातली, दाव्यांच्या फायलींवर घासलेली इंग्रजी आहे, म्हणून तिच्यात अलंकार नाहीत. इला झालेली निम्रत कौर ती पत्रं ओट्याशी उभी राहून वाचते आणि तिच्या चेहऱ्यावर आधी भूक दिसते, मग लाज.

देशपांडे काकूंसाठी वेगळा लेख लिहावा लागेल. त्या पडद्यावर एकदाही येत नाहीत; भारती आचरेकरांचा आवाज आणि वरून दोरीनं उतरणारी टोपली, बस्स. नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला, डोळे उघडे असले तर छताच्या पंख्याकडे लागलेले. म्हणून काकू पंखा बंद न करता पुसतात! सांगतात मात्र अशा सुरात, जणू लोणच्याला तेल किती घालायचं ते सांगताहेत. साजन आणि काकू एकाच जातीचे, पण काकूंना खिडकी आहे. त्यामुळे त्यांना पत्राची गरज पडत नाही.

इलाचा नवरा राजीव मात्र पातळ झालाय. त्याला शर्टाचा वास आणि मोबाइल यापलीकडे काही दिलेलंच नाही. अशा माणसापासून दूर जायला प्रेक्षकाची संमती फार स्वस्तात मिळते.

भेट ठरते त्या दिवशी साजन उपाहारगृहात जातो, तिला लांबून बघतो आणि समोर जात नाही. इला दुसऱ्या दिवशी रिकामा डबा पाठवते. सबंध चित्रपटातलं हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जळजळीत पत्र. त्याचं उत्तर साजन लांबलचक देतो: सकाळी न्हाणीघरात आजोबांच्या वेळचा वास आला, आणि मग कळलं की तो वास आता आपलाच आहे, पुढे गाडीत कुणीतरी उठून जागा दिली. ‘मी म्हातारा झालो’ हे इतक्या आडवळणानं, नाकाच्या वाटेनं सांगणारं पत्र मी हिंदी चित्रपटात दुसरं ऐकलेलं नाही.

त्या वर्षी ऑस्करसाठी भारतानं हा चित्रपट न पाठवता ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला, त्यावर बराच गदारोळ झाला. महामार्गाकाठी राहणाऱ्यांनी त्यावर न बोललेलं बरं.

निवृत्त झाल्यावर साजन नाशिकची गाडी धरतो आणि परत येतो. शेवटी तो लोकलमध्ये डबेवाल्यांच्या घोळक्यात बसलेला दिसतो, ते ज्ञानोबा-तुकारामांचा गजर करताहेत. दोघं भेटतात की नाही यावर लोक अजून वाद घालतात. माझं लक्ष त्याच्या बसण्याकडे असतं. पस्तीस वर्षं ज्यांनी आणलेला डबा त्यानं मान वर न करता उघडला, त्या माणसांना तो आता पत्ता विचारत निघाला आहे.