वाड्याचे वारस आणि बाहेरची माणसे

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हस्तर हा राक्षस दिसण्याच्या कितीतरी आधी मला भीती वाटू लागते. साल १९१८. कोकणातला न उघडणारा पाऊस. नायक विनायकची आई वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारांची सेवा करते, देहानेसुद्धा, आणि तेही एका सोन्याच्या मोहरेच्या आशेवर. मुले सरकारांचीच, पण राहतात वाड्याबाहेर. हे कुणी समजावून सांगत नाही. आईच्या खाली वळलेल्या नजरेतून ते कळते.

हस्तरची कथा यालाच जोडून वाचावी. तो समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. सोने घेतले, धान्यावर हात टाकला तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले आणि आईने त्याला वाचवून आपल्या गर्भात ठेवले. विनायकही असाच, जन्माने वाड्याचा आणि हक्काने कुणाचाच नाही. म्हणून हस्तरच्या मोहरा चोरताना तो राक्षसाला लुटत नसतो, आपल्याच जातकुळीच्या भावाला लुटत असतो. पुढे आपल्या पोराला, पांडुरंगला, तो हीच चोरी एखाद्या पिढीजात धंद्यासारखी शिकवतो. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यात त्या गर्भाच्या मांसल, लाल भिंती धपधपतात, तेव्हा वारसाहक्क ही किती शारीरिक गोष्ट आहे ते जाणवते. शेवटी पांडुरंग बापाने पुढे केलेला, हस्तरचा मोहरांनी भरलेला लंगोट घेत नाही. हा नकार मला या चित्रपटातली सर्वात धाडसी जागा वाटते.

एक गोष्ट मात्र सलते. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले, पण खोताची जमीन कसणारी कुळे पडद्यावर जवळजवळ नाहीतच. विनायक गावी परततो १९३३ साली. त्याच वर्षी अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची शेते कसणे बंद केले. हाल सोसले, पण संप वर्षानुवर्षे टिकवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. नवी मुंबईचा पनवेल-उरणकडचा भाग अलिबागसारखाच जुन्या कुलाबा जिल्ह्यातला. इथल्या जमीन कसत आलेल्या आगरी घरांतला प्रेक्षक ‘तुंबाड’ बघताना आपली माणसे शोधणारच, आणि ती त्याला सापडणार नाहीत.

याउलट, जॉर्डन पील यांच्या ‘गेट आउट’मध्ये (२०१७) गोरे पाहुणे कृष्णवर्णीय क्रिसच्या शरीराचा मुकाट्याने लिलाव करतात. तिथली दहशत आपण क्रिसच्या बाजूने भोगतो, बोली लावणाऱ्यांच्या नाही. बर्वे यांनी वाड्याचे भय वाड्याच्या वारसाकडून सांगितले आणि अप्रतिम सांगितले. तेच भय कुळाच्या ओटीवरून सांगणारा मराठी भयपट मला बघायचा आहे, त्याच पावसातला.