म्हादू, विठोबा आणि मावशी

मराठी नाटकाने म्हातारपण पाहिलं ते बहुतेक घराच्या उंबरठ्यावरून. ‘नटसम्राट’मधले (1970) गणपतराव बेलवलकर सगळं मुलांना देऊन टाकतात आणि त्यांच्याच घरात परके होतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुलगा अमेरिकेत, आणि नाना-नानी वाट बघत बसलेले. दोन्हीकडचं दुःख खरं आहे, पण त्याचा सगळा हिशेब रक्ताच्या नात्यांचा. बेलवलकरांच्या घरात विठोबा आहे, नाना-नानींकडे म्हादू आहे. म्हादू घरात वावरत असतानाही ते दोघं ‘एकटेच’ असतात, आणि प्रेक्षागृहात कोणालाही त्यात काही खटकत नाही. गडी माणूस मोजायचा नसतो हे आपण तिकीट काढण्याआधीच ठरवून आलेलो असतो.

भिलाईत बसून ही नाटकं वाचली की ‘घर’ हा शब्दच वेगळा वाटू लागतो. सोव्हिएत मदतीचा करार 1955 चा. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. विदर्भातून, आंध्रातून, केरळ-बंगालमधून माणसं आली आणि सेक्टरांतल्या क्वार्टरांत राहिली. क्वार्टर कंपनीचं. मुलांच्या नावावर करून द्यायला बेलवलकरांजवळ जे होतं, ते इथल्या फोरमनजवळ नव्हतंच. सख्खी आत्या अकोल्याला, सख्खा मामा वर्ध्याला. म्हणून शेजारच्या मल्याळी बाई मावशी झाल्या आणि समोरचे बंगाली बाबू काका. परक्याला नात्यात ओढून घेणं ही या वसाहतीची रोजची सवय होती, तिचं कोणी कौतुकही करत नसे.

मग याच वसाहतीच्या वृद्धाश्रमात कर्मचारी आणि रहिवासी ‘घरच्यासारखे’ झाले, यात नवल काय? नवल नाही, पण फरक आहे, आणि आपलं लेखन नेमका तोच पुसून टाकतं. शेजारचे काका आणि आपले वडील एकाच शिफ्टला, एकाच भोंग्यावर जात. वृद्धाश्रमातली मावशी पगारावर येते. तिला रजा लागते, तिचा गुडघा दुखतो, तिच्या घरीही एक सासू अंथरुणाला खिळलेली असू शकते. ‘अगदी घरच्यासारखी आहे हो’ हे वाक्य कौतुकाचं खरंच. पण घरच्या बाईला रजा नसते, जादा वेळेचे पैसे नसतात, हेही त्याच वाक्यात गुपचूप येऊन बसतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 गरजू वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची गोष्ट आहे. एवढ्या म्हाताऱ्यांना उठवणारे, आंघोळ घालणारे हात कोणाचे, हा प्रश्न साहित्यानेही फारसा विचारलेला नाही.

विचारलाय त्यातल्या त्यात ‘अस्तु’ने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या या चित्रपटात स्मृती हरवत चाललेले चक्रपाणी शास्त्री एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, आई म्हणू लागतात. संस्कृतचा पंडित आणि कानडी बोलणारी गरीब बाई. अमृता सुभाषने ही चन्नम्मा अशी केलीय की करुणेचा दिखाऊपणा कुठे शिरत नाही. 2013 साठीचं सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक तिला मिळालं ते योग्यच. तरी माझी एक तक्रार आहे. चन्नम्माचं आईपण काही तासांचं आहे. ते सुंदर राहतं याचं एक कारण, त्याला उद्याची सकाळ नाही. तीच बाई महिन्याच्या पगारावर दहा वर्षं शास्त्रीबुवांची चादर बदलते आहे, असं दाखवलं असतं तर? प्रेम उरलं असतं, असं मला वाटतं. पण त्यात वैताग असता, भांडण असतं, पहिल्या तारखेची वाट असती. ते नातं मला जास्त पाहायचं आहे.

भिलाईत त्यासाठी एक शब्द तयारच पडलेला आहे. इथे पोलाद कारखान्याच्या आधाराने चालणाऱ्या वृद्धाश्रमाचं नाव ‘सियान सदन’. सियान म्हणजे छत्तीसगढीत वडीलधारा माणूस. त्याच बोलीत आईला म्हणतात ‘दाई’. मराठीत मात्र दाई म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल सांभाळणारी, बाळंतपण करणारी बाई. छत्तीसगढी आया एखाद्या मराठी आजीला ‘दाई’ अशी हाक मारील, तर ती म्हणत असेल आई. आजीच्या कानावर पडेल ते नोकरीचं नाव. उलट आजी तिला ‘मावशी’ म्हणते, म्हणजे आईची बहीण, आणि त्या शब्दाचा पगार ठरलेला असतो. नात्यात नोकरी आणि नोकरीत नातं, दोन हाकांमध्ये सगळं नाटक आलं.

हे नाटक अजून कोणी लिहिलेलं मला ठाऊक नाही. लिहिलं तर मावशीच्या तोंडी पुण्याची नाहीतर चाळीतल्या गड्याची मराठी घालू नये. हबीब तन्वीरांचं ‘चरणदास चोर’ आकाराला आलं ते 1974 मध्ये, याच भिलाईतल्या मैदानावर, गावच्या नटांच्या छत्तीसगढीत. समोर बसलेल्यांना कोणी अर्थ समजावून सांगायला लागला नव्हता.